पेटी क्रमांक सतरा

जबल धन्नाहून सुटलेली फेरी दलमाला लागते
तेव्हा आधी मनोरे दिसत नाहीत, डोंगर दिसतो,
जांभळट, खपल्या धरलेला,
मधेच पिवळा, मधेच गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचा.
गुलरेझ म्हणतो, अल्लाने रंगाचे डबे इथेच विसळले.
मी वहीत लिहितो : हेमॅटाइट, जिप्सम, डोलोमाइट.
दोघांचा पगार एकाच तारखेला होतो.

काम म्हणजे भोक पाडणं.
खाऱ्या पाण्याने गार ठेवलेली हिऱ्यांची नळी
गरगरत खाली जाते
आणि बेट वर येतं कांडी-कांडीने,
मनगटाएवढं जाड, ओलं, जरा कोमट.
कांड्या मी पेटीत मांडतो डावीकडून उजवीकडे.
रखवालदार रमैद विचारतो, उजवीकडून का नाही?
याला माझ्याकडे उत्तर नाही.

पहिले चार मीटर शिंपले. कालचाच समुद्र म्हणायचा.
मग हिरवट माती, मग चुनखडी,
आम्लाचा थेंब पडला की चिडून फसफसणारी.
मग खडकांचा काला :
लाल चिखलात रुतलेले काळे तुकडे,
कुठल्या ज्वालामुखीचे, कोण जाणे.
आणि सगळ्यात जुनं सगळ्यात खाली, मीठ.
पन्नास कोटी वर्षांचं, अंगाने हलकं,
वरचा भार असह्य झाला म्हणून
कणकेसारखं सरकत सरकत उठलेलं.
त्यानेच हे बेट पाठीवर उचललंय.

रमैदच्या आजोबांनी मोत्यांसाठी बुड्या मारल्या.
पायाला बांधायचा दगड याच डोंगरातला, लाल, वजनदार.
हलका दगड माणसाला अर्ध्यावर सोडतो, तो म्हणाला,
आणि थर्मासमधला चहा माझ्या कपात ओतला.
चहाचं पाणी विहिरीचं, गोडं.
मिठाच्या छातीवर गोड्या पाण्याची विहीर!
मी दोनदा विचारून घेतलं.

मंगळवारी पिकअप उतारावर घसरली
आणि पेटी सतरा उपडी झाली.
बारा तुकडे. खडूचे आकडे पुसलेले.
अबू धाबीहून फोन : क्रम लावून पाठवा.

सहा तुकडे भिंगाने लागले, दोन आम्लाने.
उरलेले चार सगळे मीठ, सगळे सारखे,
धुरकट काच फुटावी तसे.
गुलरेझ जरा लांब गेल्यावर
मी एकेक जिभेला लावला.
कंपनीचं मीठ खातो, असं गावात म्हणतात.
आज खरंच खाल्लं.

तिसरा कडू लागला.

करंज्याच्या मिठागरात आबा
चिमूटभर दाताखाली फोडायचे, थुंकायचे.
कडवट लागलं की ओरडायचे,
कुणाच्या कुंडीतलं पाणी वेळेवर सोडलं नाही रे?
त्यांचं मीठ आठ महिन्यांचं,
पावसाआधी ढीग, ढिगावर गवत, संपलं.
कडू पाणी शेवटी उरतं, एवढं त्यांना ठाऊक.
म्हणजे कडू तुकडा थराच्या माथ्याचा.
म्हणजे त्या समुद्रातही
पाणी सोडायला कुणी आलं नव्हतं.

नऊवा कडू. दहावा, अकरावा साधे, खारट.
बारावा मात्र
एका बाजूने कडू, दुसऱ्या बाजूने साधा,
आणि मधे एक लाल रेघ, वळी पडलेली.
मीठ उठताना थर उलटेही होतात,
आईच्या पदराला पीळ पडावा तसे.
याचा माथा कुठला आणि तळ कुठला
हे आबांनाही सांगता आलं नसतं.

वहीत लिहिलं : क्रम अनिश्चित.
गुलरेझने वाचलं, काही बोलला नाही.

तुकडा रात्री खोलीच्या खिडकीत ठेवला,
खाली कागद, कागदावर दोन बाण,
एक वर, एक खाली, दोघांपुढे प्रश्नचिन्ह.
ऑगस्टची दमट हवा, समुद्र हाकेवर.
सकाळी तुकड्याला घाम सुटलेला.
शाई पसरून
दोन्ही बाण एकाच निळ्या डागात गेले होते.